८० पेशींची मोजणी: क्लामारचा बेसोफिल प्रयोग, १९८८

३० जून १९८८ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात तीन पानांचा एक शोधनिबंध आला. लेखक १३ होते आणि प्रयोगशाळा फ्रान्स, इस्रायल, इटली व कॅनडा या चार देशांतल्या होत्या. मुख्य काम पॅरिसच्या दक्षिणेला क्लामार इथे इन्सर्म या फ्रेंच सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०० क्रमांकाच्या विभागात झाले होते. त्या विभागाचे प्रमुख होते जाक बेनव्हेनिस्त. निबंधाचा दावा एका वाक्यात मावतो. माणसाच्या रक्तातल्या बेसोफिल पेशींवर आयजीई-विरोधी प्रतिपिंडांचे (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या आयजीई या प्रतिपिंडाला पकडणाऱ्या प्रतिपिंडांचे) द्रावण टाकले की पेशी आपल्यातले कण बाहेर टाकतात, आणि तेच द्रावण १० च्या १२० व्या घाताइतके पातळ केले तरीही टाकतात.

होमिओपॅथीतली औषधेही अशीच पातळ करत बनवतात, म्हणून तिच्या बाजूने हा निबंध आजही पुढे केला जातो, आणि विरोधक तो ‘फसवणूक उघडी पडली’ अशा एका ओळीत निकालात काढतात. दोन्ही बाजू प्रत्यक्ष प्रयोगाकडे पाहत नाहीत. इथे खोटेपणाचा पुरावा नाही, चमत्काराचाही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ७०-८० पेशी मोजून त्यावरून टक्केवारी काढताना चुका कुठून शिरतात, हे दाखवणारे हे प्रकरण आहे, आणि अ‍ॅलर्जीवरच्या कोणत्याही औषधाचा दावा तपासताना ते उपयोगी पडते.

प्रयोग कशावर उभा होता

बेसोफिल ही रक्तातली दुर्मीळ पेशी आहे. पांढऱ्या पेशींत तिचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. तिच्या पृष्ठभागावर आयजीई प्रकारची प्रतिपिंडे ग्राहींना घट्ट चिकटून बसलेली असतात. परागकण, धुळीतला कीटक किंवा शेंगदाण्यातले प्रथिन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम जोडते, तेव्हा पेशीला इशारा मिळतो. तिच्यातले कण फुटून हिस्टामिन बाहेर पडते आणि शिंका, खाज, गांध, सूज हा दाहाचा सगळा पसारा सुरू होतो. ऊतींमधल्या मास्ट पेशी हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात, पण त्या काढणे अवघड. बेसोफिल रक्तातून सहज मिळतात, म्हणून प्रयोगशाळांना त्या सोयीच्या.

आयजीई-विरोधी प्रतिपिंड ही यातली युक्ती आहे. रुग्णाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे माहीत नसले तरी चालते, कारण हे प्रतिपिंड थेट आयजीईलाच पकडून दोघांना जोडते आणि पेशी फुटते. ही अभिक्रिया खरी आहे आणि कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत दिसते. मात्रा वाढवत नेली की परिणाम वाढतो आणि फारच जास्त झाली की पुन्हा घटतो, कारण मग प्रत्येक आयजीईला स्वतंत्र प्रतिपिंड मिळते आणि जोड्या लागत नाहीत. आलेखावर एकच टेकडी उमटते. क्लामारच्या निबंधात मात्र टेकड्यांची रांग होती. द्रावण पातळ होत जाताना परिणाम शून्यावर यायचा, पुन्हा ४० ते ६० टक्क्यांवर चढायचा, पुन्हा उतरायचा, असे थेट १२० व्या घातापर्यंत.

बेनव्हेनिस्त हे या विषयातले कच्चे गडी नव्हते. १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी बेसोफिलमधून बाहेर पडणारा आणि बिंबाणूंना चेतवणारा पदार्थ ओळखला होता. पीएएफ या नावाने तो आजही दाहाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. म्हणूनच ‘नेचर’ला हा निबंध सरळ परत पाठवता आला नाही.

प्लेटवर प्रत्यक्ष काय होत असे

निरोगी दात्याचे २० मिली शिरेतले रक्त घ्यायचे. ते गोठू नये म्हणून हेपॅरिन आणि ईडीटीए. रक्त स्थिर ठेवले की लाल पेशी खाली बसतात. वरचा पांढऱ्या पेशींनी भरलेला द्रव काढून सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा धुवायचा. सूक्ष्म खोलग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खोलग्यात १० मायक्रोलिटर पेशी, १० मायक्रोलिटर कॅल्शियम क्लोराइड आणि १० मायक्रोलिटर तपासायचे द्रावण घालायचे. कंट्रोलच्या खोलग्यात द्रावणाऐवजी नुसते क्षारद्रावण. ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवायचे. मग आम्ल केलेल्या अल्कोहोलातला टोल्युइडिन ब्लू ९० मायक्रोलिटर घालून नीट ढवळायचे.

हा रंग निळा असला तरी बेसोफिलच्या कणांतल्या हेपॅरिनसारख्या पदार्थाला लागला की तांबडा-जांभळा दिसतो. कण बाहेर पडलेली पेशी रंग घेत नाही, म्हणून दिसत नाही. द्रावण फुक्स-रोझेन्थाल मोजणीपेटीत भरायचे (१६ चौरस मिलिमीटर क्षेत्र, ०.२ मिलिमीटर खोली, म्हणजे ३.२ मायक्रोलिटर) आणि तांबड्या पेशी डोळ्यांनी मोजायच्या. कंट्रोलमध्ये साधारण ६० ते १२० पेशी मिळत. टक्केवारीचे सूत्र सोपे आहे: कंट्रोलच्या संख्येतून नमुन्याची संख्या वजा करा, कंट्रोलच्या संख्येने भागा, १०० ने गुणा.

म्हणजे ही चाचणी जे *दिसत नाही* ते मोजते. हिस्टामिन मोजले जात नाही, रंग न घेतलेल्या पेशी वजाबाकीने धरल्या जातात. पेशी धुताना हरवली, खोलग्याच्या तळाला चिकटली, ढवळणे कमी पडले, रंगाचा पीएच किंचित सरकला किंवा मोजणाऱ्याने फिकट पेशी सोडून दिली, तर या सगळ्याची नोंद ‘पेशी फुटली’ अशीच होते. पद्धत चुकीची होती असे नव्हे. अ‍ॅलर्जीच्या कामात ती वापरली जात होती आणि मोठा परिणाम असला की काम भागत असे. अपुरी पडली ती अशक्य वाटणाऱ्या परिणामासाठी.

विरलनाचा हिशेब

प्रतिपिंडाचे मूळ द्रावण दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम धरू. प्रतिपिंडाचा रेणुभार साधारण १,५०,००० असतो. १० मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम, म्हणजे अंदाजे ४ गुणिले १० चा १३ वा घात इतके रेणू. दहा-दहा पट पातळ करत १४ पायऱ्या उतरलो की खोलग्यात सरासरी ०.४ रेणू उरतो, म्हणजे बहुतेक खोलग्यांत एकही नाही. पंधराव्या पायरीला २५ खोलग्यांत मिळून एखादा. त्यापुढे शंभराहून अधिक पायऱ्या केवळ पाण्याच्याच. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या साधारण १० च्या ८० व्या घाताएवढी मानतात, त्यामुळे १२० वा घात हे प्रत्यक्षातले मिश्रण राहतच नाही, तो फक्त किती वेळा पातळ केले याचा आकडा होतो.

आपल्याकडे होमिओपॅथीच्या दवाखान्यात मिळणारी ‘३०’ पोटन्सी म्हणजे शंभरपट विरलन ३० वेळा, एकूण १० चा ६० वा घात. ‘२००’ म्हणजे ४०० वा घात. अव्होगाड्रोची मर्यादा, म्हणजे ज्यापुढे मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता नसते ती, साधारण ‘१२’ पाशी ओलांडली जाते. त्याखालच्या पोटन्सी आणि मदर टिंक्चर (मूळ अर्क) यांत मात्र खरोखर पदार्थ असतो. तिथे परिणामही होऊ शकतो आणि विषबाधाही. ‘होमिओपॅथी म्हणजे नुसती साखर’ हे विधान म्हणून सरसकट खरे नाही, आणि ‘होमिओपॅथीने अपाय होतच नाही’ हेही नाही. साबुदाण्यासारख्या गोळ्यांची बाटली हातात घेतली की आधी पोटन्सीचा आकडा वाचावा.

क्लामारमध्ये प्रत्येक पायरीला द्रावण व्होर्टेक्स यंत्रावर १० सेकंद जोरात हलवत. हलवले नाही तर परिणाम येत नाही, असे निबंधात म्हटले होते, आणि त्यावरूनच पाण्याच्या रेणूंची रचना ‘माहिती’ वाहून नेत असावी अशी अटकळ शेवटी मांडली होती. फ्रेंच वर्तमानपत्रांतून तिचे ‘पाण्याची स्मृती’ झाले. पाण्यातले हायड्रोजन बंध पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या पट्टीवर, जुळतात आणि तुटतात. ३० मिनिटांच्या प्रयोगभर टिकणारी रचना कोणती, हे निबंधाने सांगितले नाही.

पातळ करण्याच्या कामात एक व्यावहारिक अडचण आहे. प्रथिने प्लास्टिकला चिकटतात. पिपेटची टिप न बदलता एका नळीतून दुसरीत गेलात तर भिंतीला चिकटलेले प्रथिन पुढच्या नळ्यांत थोडेथोडे सुटत राहते आणि कागदावरचा घात प्रत्यक्षात येत नाही. होमिओपॅथीतल्या कोर्साकोव्ह पद्धतीत तर एकच बाटली रिकामी करून पुन्हा भरतात आणि भिंतीला राहिलेला थेंब म्हणजे एक भाग असे धरतात. तिथे विरलन किती झाले हे काचेच्या चिकटपणावर ठरते. विरलनाचा कोणताही प्रयोग वाचताना ‘प्रत्येक पायरीला नवी टिप, नवी नळी’ हे शब्द शोधावेत.

८० चे वर्गमूळ

या प्रकरणाचे मर्म इथे आहे. द्रवात विखुरलेल्या पेशींचा नमुना घेतला की संख्या प्रत्येक वेळी वेगळी येते. हा हाताचा दोष नव्हे. पावसाचे थेंब फरशीच्या प्रत्येक चौकोनात सारखे पडत नाहीत, तसेच हे. चढउताराचा अंदाज सोपा आहे: मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ. ८० पेशी मोजल्या तर प्रमाण विचलन सुमारे ९. खरी सरासरी ८० असली तरी ७१ ते ८९ मधला कोणताही आकडा सहज येणार, आणि २० पैकी एखाद्या वेळी ६२ च्या खाली किंवा ९८ च्या वर.

टक्केवारी दोन मोजण्यांतून बनते, म्हणून दोघींची चूक एकत्र येते. कंट्रोल ८० आणि नमुना ८० असताना, म्हणजे काहीही घडलेले नसताना, निघणाऱ्या टक्केवारीचे विचलन सुमारे १६ असते. नुसत्या योगायोगाने २० टक्के किंवा जास्त ‘डिग्रॅन्युलेशन’ (कण बाहेर पडणे) साधारण दहात एकदा दिसणार.

आता प्लेट डोळ्यांपुढे आणा. एका दात्याच्या पेशींवर ३० विरलने तपासली. ३० खोलग्यांत सगळीकडे नुसते पाणी असले, तरी त्यांतली सर्वांत लहान मोजणी ६२ च्या आसपास येणे अपेक्षित आहे. कंट्रोल एकच असेल आणि तो ८९ मोजला गेला असेल, तर त्या खोलग्याचे उत्तर ३० टक्के निघते. कंट्रोल ९८ आला तर ३७ टक्के. शिवाय कंट्रोलची चूक एका खोलग्यापुरती राहत नाही. ती प्लेटवरच्या प्रत्येक टक्केवारीत शिरते आणि सगळी रांग एकदम वर उचलते. आलेखाचे बिंदू रेषेने जोडले की टेकड्या दिसू लागतात. त्यांची जागा प्रत्येक प्रयोगात बदलते, आणि पुढची टेकडी कितव्या विरलनाला येईल हे आधी सांगता येत नाही.

एवढ्याने सगळे उलगडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. पुन्हा पुन्हा येणारे ४० ते ६० टक्के केवळ योगायोगाच्या आवाक्यात नाहीत. त्याला दुसरे काही जोडावे लागते, आणि ते बहुधा डोळा. ८० मधल्या १० पेशी अशा असतात की तांबड्या म्हणाव्यात की फिकट, हे मोजणारा ठरवतो. खोलग्यात काय आहे हे माहीत असेल तर त्या दहा पेशी नकळत एका बाजूला झुकतात आणि उत्तर १२ टक्क्यांनी हलते. यासाठी अप्रामाणिक असावे लागत नाही. उलट काळजीपूर्वक काम करणारी व्यक्ती ‘हा आकडा काही बरोबर नाही’ म्हणून खोलगा पुन्हा मोजते, आणि पुन्हा मोजण्याचा निर्णय अपेक्षेवरून घेतलेला असतो. नको असलेले आकडेच तेवढे दुरुस्त होतात.

याची खूण वह्यांत सापडते. एकाच नमुन्याच्या दोन मोजण्यांतला फरक शून्याभोवती सुमारे १३ च्या विचलनाने पसरायला हवा. जोड्या सतत ७९-८१, ७७-८०, ८२-८१ अशा येऊ लागल्या तर दुसरी मोजणी पहिलीपासून स्वतंत्र नाही. क्लामारच्या वह्या तपासणाऱ्यांना हेच आढळले. दुहेरी मोजण्या संख्याशास्त्राला परवडेल त्यापेक्षा जास्त जुळत होत्या. इतकी सुबक जुळणी पाहून नवखा वाचक खूश होतो. जाणत्याने तिथेच थांबून वही मागितली पाहिजे.

जुलैतला आठवडा

‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी छापण्यापूर्वी दोन अटी घातल्या होत्या: इतर प्रयोगशाळांनी प्रयोग करून दाखवावा, आणि प्रसिद्धीनंतर त्यांच्या पथकाला क्लामारमध्ये येऊन पाहू द्यावे. निबंधासोबत संपादकीय साशंकताही छापली गेली. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच पथक पोहोचले. त्यात स्वतः मॅडॉक्स, वैज्ञानिक गैरप्रकारांचा अभ्यास करणारे अमेरिकेचे वॉल्टर स्ट्युअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी होते.

एकूण सात प्रयोग झाले. सुरुवातीचे प्रयोगशाळेच्या नेहमीच्या रीतीने झाले आणि त्यांत उत्तम परिणाम मिळाले. पातळ द्रावणांत टेकड्या दिसल्या. शेवटचे तीन दुहेरी-अंध पद्धतीने झाले, म्हणजे कोणत्या नळीत काय आहे हे प्रयोग करणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला दोघांनाही माहीत नव्हते. नळ्यांना संकेतांक दिले, कोणत्या अंकामागे काय आहे याचा कागद पाकिटात बंद करून ते पाकीट रँडींनी प्रयोगशाळेच्या छताला चिकटवले, आणि खोलीचे चित्रीकरण चालू ठेवले. पाकीट उघडल्यावर दिसले की जिथे रेणू असायला हवे होते त्या कमी विरलनांत प्रतिपिंडाने नेहमीसारखे काम केले होते, आणि जास्त विरलनांत कंट्रोलपेक्षा वेगळे काहीही नव्हते. यातला पहिला भाग महत्त्वाचा आहे. पेशी जिवंत होत्या, रंग बरोबर होता, मोजणाऱ्याचा हात चालत होता. ‘त्या दिवशी प्रयोगच बिघडला’ म्हणायला जागा राहत नाही.

पथकाने आणखी तीन गोष्टी नोंदवल्या. काही दात्यांचे रक्त ‘चालत नाही’ म्हणून बाजूला ठेवले जाई, आणि महिनोन्‌महिने प्रयोग न जमण्याचे काळही येऊन गेले होते. निबंधात हे उतरले नव्हते. मोजणीतल्या नमुना-चुकीचा विचार झालेला नव्हता. आणि निबंधाच्या दोन सहलेखकांचे वेतन ब्वारों या होमिओपॅथिक औषध कंपनीशी झालेल्या करारातून येत होते, तेही सांगितलेले नव्हते. पैसा कुठून आला यावरून आकडे खोटे ठरत नाहीत. पण कोणते आकडे पुन्हा तपासावेत हे वाचकाला त्यावरून कळते, म्हणून ते लिहायलाच हवे.

पथकाचा अहवाल २८ जुलैच्या अंकात आला आणि त्याच अंकात बेनव्हेनिस्त यांचे संतप्त उत्तरही. आठवडाभरात, दडपणाखाली, बेसोफिलवर कधी काम न केलेल्या तिघांनी वर्षांच्या कामाचा निकाल लावला, असा त्यांचा आक्षेप होता. तो पूर्णपणे डावलता येत नाही. एखाद्या नियतकालिकाने आधी छापायचे आणि मग जादूगार घेऊन तपासायला जायचे, हा क्रमच उलटा होता. अंध चाचणी छापण्यापूर्वी, शांतपणे, दोन प्रयोगशाळांत करून घेता आली असती. पण आक्षेप रीतीवर आहे. तीन अंध प्रयोगांतला शून्य त्याने भरून निघत नाही.

पुन्हा करून पाहिले तेव्हा

१९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या एका गटाने हलवलेल्या अतिविरल द्रावणाचा बेसोफिलच्या रंगावर परिणाम होत नाही असे नोंदवले. १९९३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी मूळ पद्धत शक्य तितकी जशीच्या तशी, पण अंध आणि संख्याशास्त्राची आधी आखणी करून वापरली. त्यांच्या निष्कर्षातली एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. आकड्यांत आपल्याला उलगडा न झालेला एक चढउतार आहे, असे त्यांनी लिहिले, आणि तो मूळ दाव्याशी कुठेच जुळत नाही, हेही.

नंतर काही युरोपीय प्रयोगशाळांनी मिळून मांडणी उलटवली. बेलफास्टच्या मॅडलीन एनिस या त्यात होत्या, आणि सुरुवातीला त्या स्वतः साशंक होत्या. आयजीई-विरोधी प्रतिपिंड नेहमीच्या मात्रेत ठेवायचे, आणि आधी अतिविरल हिस्टामिन दिले तर पेशी कमी फुटतात का ते पाहायचे. २००४ मध्ये ‘इन्फ्लमेशन रिसर्च’ या नियतकालिकात त्यांनी लहानसा पण संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय परिणाम नोंदवला. त्याआधी २००२ मध्ये बीबीसीच्या ‘होरायझन’ने याच विचारावर अंध चाचणी घडवून आणली होती, तीत होमिओपॅथिक द्रावण आणि पाणी यांत फरक निघाला नव्हता. २००५ मध्ये बर्नच्या गटाने, ज्यांना या विषयाबद्दल आकस नव्हता, हिस्टामिनचा प्रयोग पुन्हा केला. परिणाम सापडला नाही, पण दिवसागणिक आणि प्लेटवरच्या जागेगणिक आकडे बदलतात हे दिसले. कडेच्या खोलग्यांतून पाणी जास्त उडते, क्षारांचे प्रमाण चढते आणि पेशी बिथरतात. सगळी कंट्रोल द्रावणे एका रांगेत आणि सगळी विरलने दुसऱ्या रांगेत ठेवली तर हा कडेचा परिणाम ‘पोटन्सीचा परिणाम’ म्हणून छापला जाऊ शकतो.

बेनव्हेनिस्त १९९० च्या दशकात आणखी पुढे गेले. द्रावणाचा ‘संकेत’ ध्वनिमुद्रित करून साध्या पाण्यात उतरवता येतो असे ते म्हणू लागले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या निधीतून त्याचीही चाचणी झाली, २००६ मध्ये तिचा अहवाल आला, आणि पुन्हा करून दाखवता येईल असा परिणाम मिळाला नाही. त्यापूर्वीच, ऑक्टोबर २००४ मध्ये, त्यांचे निधन झाले होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या चर्चेत एक नाव हमखास ऐकू येते: आयआयटी मुंबई. तिथल्या चिक्रमाने, बेल्लारे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सोने, तांबे, जस्त, कथील, चांदी आणि प्लॅटिनम या धातूंपासूनच्या बाजारातल्या औषधांत ३० आणि २०० पोटन्सीलाही धातूचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचे लिहिले. ते काम ‘होमिओपॅथी सिद्ध झाली’ असे सांगितले जाते, पण त्यात रुग्ण नव्हते आणि पेशींवरचा परिणामही नव्हता. मोजला होता तो धातू. ‘६’ नंतर धातूचे प्रमाण घटतच नाही, ‘३०’ आणि ‘२००’ जवळजवळ सारखेच, असा त्यांचा निष्कर्ष. हलवताना येणाऱ्या फेसाबरोबर कण वर तरंगतात आणि तोच थर पुढच्या पायरीत जातो, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे मांडले. ते मान्य केले तर ‘पोटन्सी वाढवली’ या शब्दांचाच अर्थ उरत नाही, कारण पायऱ्या वाढल्या तरी द्रावण तेच. आणि विरघळलेल्या प्रतिपिंडाला धातूच्या कणाचा हा नियम लावता येत नाही, म्हणून क्लामारच्या दाव्याला त्याने आधार मिळत नाही.

रुग्णांवरच्या चाचण्या

खोलग्यात शून्य निघाले तरी माणसात काही घडते का, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो विचारला गेला. ग्लासगोचे डेव्हिड रायली यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये परागज्वराच्या १४४ रुग्णांवरची चाचणी छापली. गवताच्या परागांचे ‘३०’ पोटन्सीचे औषध विरुद्ध निरौषध गोळी. औषध घेणाऱ्यांची लक्षणे जास्त कमी झाली, अँटिहिस्टामिनची गरज निम्म्यावर आली. चाचणी नीट आखलेली होती, म्हणून तिची दखल घ्यावीच लागते. त्याच परंपरेतल्या २००० च्या चाचणीत बारमाही सर्दीचे ५१ रुग्ण होते. नाकातून हवा ओढण्याचा वेग औषध गटात मिनिटाला सरासरी १९.८ लिटरने जास्त सुधारला, पण रुग्णांनी स्वतः नोंदवलेल्या लक्षणांत गटांमध्ये फरक नव्हता. मग २००२ मध्ये धुळीतल्या कीटकाची अ‍ॅलर्जी असलेले दम्याचे २४२ रुग्ण घेऊन मोठी चाचणी झाली. शेवटी ना फुप्फुसाच्या क्षमतेत फरक, ना जीवनमानात. २००३ मध्ये दम्याच्या ९६ मुलांवर, प्रत्येकाला स्वतंत्र निवडलेले औषध देऊन, वर्षभर पाहिले. तिथेही फायदा दिसला नाही. या चार चाचण्यांतल्या सर्वांत मोठ्या चाचणीत परिणाम दिसलाच नाही. खरा परिणाम असा वागत नाही, तो मोठ्या चाचणीत अधिक स्पष्ट होतो.

परागज्वर ही फसवी परीक्षा आहे. माणूस औषध मागतो तो सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा आपोआप बरा जातो. फुलोरा सरतो, पाऊस पडून पराग बसतात. रोजची परागसंख्या न नोंदवलेल्या परागज्वराच्या चाचणीतून काहीच ठरवता येत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण यात जीव जातो. सर्दी-शिंकांसाठी कोणी गोड गोळ्या घेतल्या तर फार तर आराम पडायला उशीर होतो. पण शेंगदाणा, गांधीलमाशी किंवा इंजेक्शननंतर श्वास घुसमटू लागला, आवाज बसला, रक्तदाब पडला तर तिथे एकच पहिले औषध आहे: अ‍ॅड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे एक हजारात एक या द्रावणाचे अर्धा मिली. आराम नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइडसुद्धा तिची जागा घेत नाहीत. दम्याच्या मुलाचा स्टेरॉइडचा पंप बंद करून गोळ्या सुरू करणे हेही त्याच धोक्यातले.

हाच प्रयोग आज करायचा झाला तर

रंग आणि डोळा सोडून फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी प्रकाशाने तपासून मोजणारे यंत्र) घ्यावा. फुटलेल्या बेसोफिलच्या पृष्ठभागावर सीडी६३ हे प्रथिन येते. ते चमकत्या प्रतिपिंडाने ओळखता येते, म्हणजे जे नाहीसे झाले त्याऐवजी जे उगवले ते मोजले जाते. प्रत्येक नळीत किमान ५०० बेसोफिल मोजावेत. न चेतवलेल्या पेशींत सीडी६३ सुमारे ५ टक्के असेल तर ५०० पेशींवर विचलन एक टक्का राहते. ८० पेशींच्या वजाबाकीतले १६ टक्के आठवा. डोळ्यांनीच मोजायचे असेल तर कंट्रोलचे आठ खोलगे प्लेटभर विखरावेत. त्याने विचलन १६ वरून १२ वर येते, फार नाही, पण एका चुकीच्या कंट्रोलने सगळी प्लेट वर उचलण्याचा धोका जातो.

कंट्रोल म्हणून साधे क्षारद्रावण पुरत नाही. तितक्याच पायऱ्या, तितकेच व्होर्टेक्स, त्याच बनावटीच्या नळ्या, फक्त सुरुवातीच्या नळीत प्रतिपिंड नाही, असे द्रावण हवे. नाहीतर काचेतून सुटलेले सिलिकेट आणि हलवताना विरघळलेली हवा हेच ‘औषध’ ठरते. विरलने बनवणारा, प्लेट भरणारा आणि यंत्र चालवणारा अशी तीन माणसे असावीत, आणि संकेतांक चौथ्याकडे, दुसऱ्या इमारतीत. खोलग्यांची जागा सोडतीने ठरवावी, कडेची रांग नुसत्या क्षारद्रावणाने भरावी, तिथे नमुने घालू नयेत. कोणत्या दात्याचे रक्त बाद करायचे याचा नियम आधी लिहून ठेवावा, उदाहरणार्थ नेहमीच्या मात्रेतल्या प्रतिपिंडाला ज्याच्या १० टक्क्यांहून कमी पेशी प्रतिसाद देतात तो दाता. बाद केलेल्या प्रत्येक दात्याचे आकडेही प्रसिद्ध करावेत. कितव्या विरलनाला परिणाम येणार हे सुरुवातीलाच नोंदवावे. पहिल्या प्लेटवर टेकडी २४ व्या घाताला आली असेल तर दुसऱ्या प्लेटवर फक्त २४ वा घात तपासायचा, शेजारचा २६ वा नाही. सगळे आकडे वहीत कायम झाल्यावर, आकडेमोडीचा आराखडा सही करून बंद झाल्यावर, मगच पाकीट उघडायचे.